एत्तोरे बुगाटी : गाडी खरी की नंबर खरा?

बुगाटी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना होस्टेलच्या भिंतीवर चिकटवलेली व्हेरॉन नाहीतर शिरॉन आठवते. तिचा टॉप स्पीड किती, किंमत किती, यावरून मेसमध्ये जेवण थंड होईस्तोवर वाद होतात. पण गाडीच्या नाकावर ज्याच्या नावाचा लाल लंबगोल बिल्ला असतो, तो एत्तोरे बुगाटी १९४७ सालीच वारला. व्हेरॉन आणि शिरॉन ही नावंही त्याच्याच काळातल्या रेस ड्रायव्हरांची. मेकॅनिकलच्या पोरांना हा माणूस माहीत असायलाच पाहिजे असं माझं मत आहे, आणि ते वेगासाठी नाही. त्यानं बनवलेली गाडी खरी कोणती आणि नंतर कुणीतरी जुळवलेली कोणती, हे ठरवताना आजही भल्या भल्या जाणकारांची दमछाक होते. या गोंधळाला थोडाफार तो स्वतःच जबाबदार आहे!

नंबराची भानगड आधी समजून घेऊ. आपल्या एमएच ३६ मध्ये जुनी मोटारसायकल नावावर करायची असली की इंजिन आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात. कागदावर उमटलेला नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळला की झालं काम. नंबर गंजून गेला असेल तर आरटीओच्या परवानगीनं तोच नंबर पुन्हा ठोकून घेता येतो, त्याला री-पंचिंग म्हणतात. म्हणजे पुन्हा ठोकलेला प्रत्येक नंबर चोरीचा नसतो. हे एवढं लक्षात असू द्या, पुढे कामात येईल.

एत्तोरेचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ चा, इटलीतल्या मिलान शहरातला. वडील कार्लो हे फर्निचरचे नावाजलेले कलाकार. धाकटा भाऊ रेम्ब्रांट पुढे प्राण्यांची शिल्पं करणारा मोठा शिल्पकार झाला. सगळं घरच कलेचं. एत्तोरे मात्र सतराव्या वर्षाच्या आसपास मिलानमधल्याच प्रिनेत्ती आणि स्तुक्की या सायकली व तीनचाकी बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे नव्हती, शेवटपर्यंत नव्हती. आपण आठ सेमिस्टर घासूनही जे शिकत नाही ते त्याला नजरेनं आणि हातानं येत होतं, असं म्हणायला हरकत नाही. (एचओडी सरांनी हे वाक्य वाचू नये.)

१९०१ मध्ये गुलिनेल्ली बंधूंनी पैसे लावले आणि एत्तोरेनं स्वतःच्या डिझाइनची चारचाकी मिलानच्या प्रदर्शनात मांडली. तिला बक्षीस मिळालं. लगेच अल्सास प्रांतातल्या डिट्रिश कंपनीनं त्याला करारबद्ध केलं. गंमत अशी की तो कायद्यानं अजून सज्ञान नव्हता, म्हणून करारावर वडिलांनी सही केली. पुढे स्ट्रासबुर्गमध्ये माथिसबरोबर काम झालं आणि १९०७ मध्ये तो कलोनच्या डॉइट्झ कंपनीत गेला. थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण ज्या ऑटो सायकलची गणितं सोडवतो, त्या निकोलस ऑटोचीच ही कंपनी. नोकरी डॉइट्झची, पण घराच्या तळघरात एत्तोरे स्वतःची एक छोटी, हलकी गाडी जुळवत होता. १९०९ च्या शेवटी नोकरी सोडून त्यानं अल्सासमधल्या मोलशाइम गावात एक बंद पडलेला रंगारी कारखाना घेतला आणि तिथे स्वतःचं काम सुरू केलं.

त्या काळात जास्त वेग पाहिजे म्हणजे मोठं इंजिन पाहिजे, असा सरळ हिशोब होता. दहा-दहा लिटरची धुडं रेसमध्ये उतरायची. एत्तोरेनं उलटा विचार केला. वजन कमी ठेवा, गाडी वळणावर नीट धरून ठेवा, म्हणजे लहान इंजिनही पुरतं. १९११ मध्ये फ्रान्समधल्या एका ग्रां प्री रेसमध्ये त्याची जेमतेम १.४ लिटरची गाडी भल्यामोठ्या फियाटच्या मागोमाग दुसरी आली आणि लोकांनी तोंडात बोटं घातली.

मग पहिलं महायुद्ध आलं. अल्सास तेव्हा जर्मनीत, एत्तोरे इटलीचा नागरिक आणि मनानं फ्रान्सकडचा. त्यानं कारखाना सोडला. रेससाठी तयार केलेल्या गाड्यांचे सुटे भाग त्यानं मोलशाइमला जमिनीत पुरून ठेवले आणि युद्धाची वर्षं मिलान आणि पॅरिसमध्ये विमानांची इंजिनं डिझाइन करण्यात घालवली. युद्ध संपलं तेव्हा अल्सास फ्रान्समध्ये गेलं होतं. कारखाना जागच्या जागी, देश मात्र बदललेला. पुरलेले भाग उकरून गाड्या उभ्या केल्या आणि १९२० मध्ये ल मॉं इथे त्या जिंकल्या. १९२१ मध्ये इटलीतल्या ब्रेशा इथल्या रेसमध्ये पहिले चारही नंबर बुगाटीचे आले, म्हणून त्या मॉडेलला ब्रेशा हेच नाव पडलं.

आता आपण टाइप ३५ वर येतो आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण बुगाटीची सगळ्यात जास्त नक्कल झाली ती याच गाडीची. १९२४ मध्ये लियॉंच्या ग्रां प्रीत ती पहिल्यांदा धावली आणि टायरांनी दगा दिल्यामुळे हरली. पण नंतर १९२५ ते १९२९ अशी ओळीनं पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही डोंगरातली खडतर रेस याच घराण्यातल्या गाड्यांनी मारली. १९२९ ची पहिली मोनाको ग्रां प्रीसुद्धा. इंजिन आठ सिलिंडरचं, बोअर ६० मिमी, स्ट्रोक ८८ मिमी, एकूण १९९१ सीसी. गुणाकार करून पाहा, बरोबर येतो. चाकं ॲल्युमिनियमची ओतीव आणि ब्रेकचा ड्रम चाकातच बसवलेला, म्हणजे चाक काढलं की ब्रेक समोर उघडा.

आणि तो पुढचा ॲक्सल! मधून पोकळ, टोकांना भरीव, फोर्ज केलेला आणि पॉलिश करून चांदीसारखा चकाकणारा. पानपट्ट्याची स्प्रिंग त्याला खालून किंवा वरून बांधलेली नाही. ॲक्सललाच चौकोनी भोक ठेवून त्यातून आरपार नेली आहे. फोर्जिंगचं प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही विचारा, असा तुकडा बनवणं म्हणजे काय डोकेदुखी असते. बरं, ते एवढ्यावर थांबत नव्हते. नट-बोल्टसुद्धा बाजारातले चालायचे नाहीत, कारखान्यातच स्वतःच्या मापाचे बनायचे. कामगारांच्या बाकावरचा व्हाइससुद्धा बुगाटीचाच. इंजिनाचे बाहेरचे पृष्ठभाग हातानं स्क्रॅपरनं खरवडून एकसारखे केलेले. आज जाणकार आधी हेच पाहतात. हातानं खरवडलेल्या पृष्ठभागावर प्रत्येक ओढीची लांबी थोडी वेगळी असते, मशिननं केलेल्या नकलेत ती नको तेवढी सारखी दिसते.

कारखान्यात प्रत्येक गाडीला नंबर पडायचा आणि मुख्य भागांनाही वेगवेगळे नंबर पडायचे. इंजिनाच्या क्रँककेसवर, फ्रेमच्या मागच्या आडव्या सदस्यावर, गिअरबॉक्सवर, मागच्या ॲक्सलवर. कोणत्या गाडीत कोणतं इंजिन गेलं आणि ती कुणाला विकली, याची नोंद वहीत असायची. इतकं सगळं असल्यावर मग अडचण कुठे येते? अडचण वापरात येते. रेसची गाडी म्हणजे आज इंजिन फुटलं, उद्या ॲक्सल वाकला. मिळेल तो भाग लावा आणि पुढच्या रेसला निघा. पुढे या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या, भंगारात गेल्या. एका गाडीचं इंजिन एकाकडे, फ्रेम दुसऱ्याकडे. पन्नास वर्षांनी किमती आभाळाला भिडल्या तेव्हा इंजिनवाल्यानं नवी फ्रेम बनवली, फ्रेमवाल्यानं नवं इंजिन बनवलं आणि दोघांनीही तोच नंबर ठोकला. झाल्या एकाच्या दोन गाड्या! अर्जेंटिनात तर टाइप ३५ च्या हुबेहूब प्रती नव्यानं बनतात आणि कामही उत्तम असतं. प्रत म्हणून विकली तर माझा काही आक्षेप नाही, उलट त्या कारागिरांना नमस्कार. खोटेपणा सुरू होतो तो तिच्यावर जुना नंबर ठोकल्यावर.

तो कसा पकडतात? आपल्या भंडाऱ्यात पितळी भांड्यांवर छिन्नीनं ठोके देऊन नाव घालतात, तिथूनच समजून घेता येईल. ठोक्यानं धातू निघून जात नाही, बाजूला सरकतो. म्हणून अक्षराच्या कडेला बारीकशी उंच कड लागते. पंचनं मारलेल्या आकड्याचंही तसंच. कोरीव मशिननं काढलेला आकडा मात्र धातू खाऊन टाकतो, त्याला ती कड नसते. जुने आकडे एकेक पंच हातात धरून हातोडीनं मारलेले, त्यामुळे एखादा आकडा तिरपा, एखादा खोल. आकड्यांची वळणंही कारखान्याची स्वतःची असतात. खऱ्या गाडीवरच्या ३ आणि ७ चं वळण मनात पक्कं बसलं की खोटा ७ खटकतो, जसं आपल्या मित्राची प्रॉक्सीची सही सरांना खटकते.

आणि नंबर घासून टाकला असला तर? इथे मटेरियल सायन्स कामी येतं. पंच बसतो तेव्हा आकड्याच्या खालचा धातूही दाबला जातो, त्याचे कण विकृत होतात. वरचा आकडा कानशीनं साफ केला तरी खालचा दबलेला थर शिल्लक राहतो. स्टीलवर फ्राय रिएजंट, म्हणजे क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं द्रावण, बोळ्यानं फिरवलं की दबलेला आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगानं खाल्ला जातो आणि मेलेला नंबर भुतासारखा वर येतो. चोरीच्या गाड्यांच्या तपासात न्यायसहायक प्रयोगशाळा हेच तंत्र वापरतात. बुगाटीचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा, त्याला रसायन वेगळं लागतं, पण तत्त्व तेच. शिवाय मिश्रधातूत काय काय किती आहे ते आज भाग न कापता एक्स-रे फ्लुरोसन्सनं मोजता येतं. मोजमापं जुळवायला इंग्लंडमध्ये प्रेस्कॉट इथे बुगाटी ट्रस्टनं कारखान्याची मूळ ड्रॉइंग जपून ठेवली आहेत. एवढं करूनही शेवटी प्रश्न उरतोच, की नंबर ठोकला कुणी आणि कधी. आता परत एत्तोरेकडे.

टाइप ३५ नं नाव आणि पैसा दोन्ही मिळाल्यावर त्याला राजेमहाराजांसाठी जगातली सगळ्यात मोठी गाडी बनवायची हौस आली. ती टाइप ४१, रोयाल. १२.७ लिटरचं इंजिन आणि दोन ॲक्सलमध्ये ४.३ मीटर अंतर. रेडिएटरच्या टोपणावर सोंड उंचावलेला हत्ती, तो भाऊ रेम्ब्रांटच्या शिल्पावरून ओतलेला. रेम्ब्रांटनं १९१६ मध्येच पॅरिसमध्ये आत्महत्या केली होती. त्याच्या ब्राँझ शिल्पांवरही एब्रार फाउंड्रीचा शिक्का आणि क्रमांक असतो आणि त्यांच्याही नकला निघाल्या, म्हणजे दोन्ही भावांच्या नशिबी तेच.

पंचवीस रोयाल बनवायचा बेत होता. जगात मंदी आली आणि सहाच बनल्या, त्यातल्या तीनच बाहेर विकल्या गेल्या. उरलेली इंजिनं वाया जाऊ नयेत म्हणून एत्तोरेनं १९३३ पासून ती रेल्वेच्या डब्यांत बसवली आणि तो धंदा चांगला चालला. मला विचाराल तर त्याची खरी हुशारी रोयालपेक्षा या रेल्वेत दिसते.

पहिल्या रोयालचा नंबर ४११००. ही नमुन्याची गाडी बाकीच्यांपेक्षा लांब होती, इंजिनही मोठं होतं आणि तिच्यावर एकामागून एक बॉड्या बदलल्या गेल्या. १९३१ च्या सुमारास खुद्द एत्तोरेच ती चालवत असताना तिचा मोठा अपघात झाला. त्यानंतर कारखान्यातून जी गाडी बाहेर आली तिची लांबी वेगळी, बॉडी वेगळी आणि ती बॉडी एत्तोरेचा मुलगा जाँ यानं डिझाइन केलेली. नंबर मात्र तोच, ४११००. आज ती फ्रान्समध्ये मुलूझच्या संग्रहालयात आहे. नंबर जुना आणि गाडी जवळजवळ नवी! हेच काम एखाद्या गॅरेजवाल्यानं केलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? पण ते कारखान्यानं, मालकाच्या डोळ्यांदेखत केलं, म्हणून तिला कुणी नक्कल म्हणत नाही.

उलट उदाहरणही त्याच कारखान्यातलं आहे. १९३४ मध्ये टाइप ५९ या रेसच्या गाडीनं रने ड्रेफसच्या हाती बेल्जियन ग्रां प्री जिंकली. तिचा नंबर ५९१२४. तिची सद्दी संपल्यावर कारखान्यानं १९३७ मध्ये सुपरचार्जर काढून तिला स्पोर्ट्स कार केलं आणि तिला टाइप ५७ च्या मालिकेतला नवा नंबर ठोकला, ५७२४८. १९३८ मध्ये ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांना विकली. म्हणजे गाडी जुनी, भाग जुने, नंबर नवा. आपल्या पेन्सिल आणि कागदाच्या हिशोबानं ही गाडी संशयास्पदच ठरेल. पण नंबर कुणी बदलला, का बदलला, कधी बदलला आणि नंतर गाडी कुणाकुणाकडे होती, हे सगळं माहीत आहे.

तोवर एत्तोरेचे दिवस फिरले होते. १९३६ मध्ये मोलशाइमच्या कामगारांनी संप केला. कामगारांना घरच्यासारखं वागवतो असा त्याचा समज होता, त्याच माणसांनी दारं बंद केल्याचं त्याच्या मनाला फार लागलं. मला इथे कामगारांची बाजूही समजते. मालक प्रेमळ असला म्हणून पगाराचा प्रश्न सुटत नाही. त्यानंतर तो बहुतेक पॅरिसमध्येच राहिला आणि कारखाना जाँ बघू लागला. टाइप ५७ जाँचीच. १९३९ मध्ये विमिल आणि व्हेरॉन या जोडीनं ल मॉंची २४ तासांची रेस बुगाटीत जिंकली. दोनच महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९३९ ला, जाँ तीच गाडी मोलशाइमजवळच्या रस्त्यावर तपासत होता. अचानक एक सायकलवाला समोर आला, त्याला वाचवताना गाडी झाडावर गेली. जाँ तीस वर्षांचा होता.

पुढच्या महिन्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. जर्मनांनी अल्सास घेतलं आणि एत्तोरेला कारखाना विकायला भाग पाडलं. युद्ध संपल्यावर वाटेल की कारखाना परत मिळेल. पण तो जन्मानं इटालियन, इटली शत्रूपक्षातली आणि कारखाना कागदोपत्री जर्मनांना विकलेला. फ्रेंच सरकारनं तो ताब्यात घेतला. आयुष्यभर फ्रान्सच्या निळ्या रंगात गाड्या पळवणाऱ्या माणसाला आता कोर्टात सिद्ध करावं लागलं की सही आपली असली तरी विक्री आपल्या मर्जीची नव्हती. कागद एक सांगत होता आणि घडलेलं दुसरंच होतं. १९४७ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण तोवर तो अंथरुणाला खिळला होता. २१ ऑगस्ट १९४७ ला तो गेला. मोलशाइमशेजारच्या दोर्लिसहाइम गावात जाँजवळच त्याला पुरलं. कंपनी आणखी काही वर्षं रखडली आणि १९६३ मध्ये विकली गेली. आजची बुगाटी कंपनी नंतर पुन्हा उभी केलेली आहे, म्हणजे नाव जुनं आणि घर नवं, हे पोस्टरवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

नंबर बदललेली ती ५७२४८ मात्र अजून धडधाकट आहे. २०२० मध्ये ती सुमारे ९५ लाख पौंडांना विकली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीच इथल्या प्रदर्शनात तिला सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. रंग उडालेला, कातडं फाटलेलं, अशा न सजवलेल्या गाडीला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळाला. तिच्या शेजारी आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्या उभ्या होत्या!

आपल्याकडेही जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आला. नंबर प्लेटवर व्हीए ही अक्षरं आणि पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. नियम योग्यच आहे. फक्त तपासणाऱ्याच्या हातात पेन्सिलीखेरीज आणखी काही असावं, असं आपलं मला वाटतं. आपल्यापैकी कुणी त्या खात्यात लागला तर बघा बुवा.

जाता जाता आणखी एका बुगाटीबद्दल. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माजोरे सरोवरात १९३० च्या दशकात सीमाशुल्काच्या भानगडीतून एक जुनी ब्रेशा बुडवली गेली होती. जुलै २००९ मध्ये तिथल्या पाणबुड्यांच्या क्लबनं ती पन्नासेक मीटर खोलीवरून वर काढली. एक बाजू गंजून पार खलास, दुसरी चिखलात रुतल्यामुळे थोडी वाचलेली. २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात या सांगाड्याला २ लाख ६० हजार युरो मिळाले. विकत घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकानं तिचा एकही भाग नवा केला नाही, रंग लावला नाही. आपल्या संग्रहालयात त्यानं ती जशी पाण्यातून निघाली तशीच ठेवली, गंज, खरका सगळ्यासकट.